रोज एकच भाग

टीव्हीवर एकच सरकारी वाहिनी होती, तेव्हा पुढच्या भागासाठी आम्ही आठवडाभर थांबायचो, हे मी नातीला इतक्यांदा ऐकवलंय की ती आता कानांवर हातच ठेवते. म्हणून ऑनलाइन मालिका सुरू करताना धाकट्या बहिणीशी ठरवलं, रोज एकच भाग बघायचा आणि साडेआठला फोन करायचा; तेवढंच रोज बोलणं होईल. दुसऱ्याच दिवशी मी दहाही भाग उरकून बसले.

तिसऱ्या दिवशी फोनवर भोळेपणाने म्हटलं, "मला बाई त्या डॉक्टरचाच संशय येतो."

"छे गं ताई, तो बिचारा तर सातव्या भागात..."



मी घसा खाकरून विचारलं, "मग उद्या चौथा भाग बघायचा ना?"