चौथा बोल्ट

रिंग उखडली तेव्हा काय झालं ते आधी कोणाला कळलंच नाही. कोल्टन स्टट्झमनने उंच उडी घेऊन चेंडू वरून रिंगेत कोंबला, क्षणभर रिंगेला लोंबकळला आणि रिंगेसकट धाडकन पाठीवर आपटला. पोरगा उठला, हातपाय हलवून पाहिले, हातातल्या रिंगेकडे बघितलं आणि हसला. मग मात्र लोकांनी अख्खी जिम डोक्यावर घेतली.

तसा हा मोसमाआधीचा घरगुती सामना. कॉलेजचीच चौदा पोरं, सात लाल बनियनांत, सात पांढऱ्यांत. पण हॅडली गावात बास्केटबॉल घरगुती कधीच नसतो. मक्याची काढणी अर्धी टाकून लोक आले होते. त्यात संघात जागा तेरा. गळणारा चौदावा कोण, हे कोच प्रुइट सामन्यानंतर सांगणार होते. आणि तो कोल्टनच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. निदान या उडीपर्यंत तरी.

"बघितलंस? पोलादी रिंग उपटली पोराने!" पुढच्या बाकावरचा बर्नेल पॉपकॉर्न सांडत उभा राहिला. "आपल्या गावचं दूध प्यायलेलं पोर आहे!"

"दूध कसलं डोंबलाचं!" शेजारचा वेंडल म्हणाला. हार्डवेअरचं दुकान त्याचं. "चाळीस वर्षं बोल्ट विकतोय मी. बोल्ट ढिले असणार. माझी सासू लटकली असती तरी पडली असती."

"मग बोल्ट तुझ्याच दुकानातले असतील!"

आजूबाजूचे खो खो हसले. वेंडल लालबुंद झाला. "माझ्या बोल्टला नाव ठेवायचं काम नाही. बोल्ट चांगला, आवळणारा हात ढिला!"

त्यांच्या मागेच रोंडा बसली होती. आवळणारा हात तिचा. सोळा वर्षं या जिमची देखभाल तीच करत होती आणि ही रिंगही गुरुवारी तिनेच बसवली होती. आणि कोल्टन तिचा मुलगा. तिला वेंडलच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण ती झाडू घेऊन खाली उतरली, कारण पडलेलं उचलणं हेही तिचंच काम.

खांबाला गुंडाळलेल्या गादीपाशी तिला एक बोल्ट सापडला. धड, सरळ, आट्यांवर ओरखडासुद्धा नाही. तिने तो तळहातावर फिरवून पाहिला आणि तिला गुरुवार आठवला.

गुरुवारी ती शिडीवर होती. तीन बोल्ट आवळून झाले, चौथा हाताने फिरवून ठेवला, आणि तेवढ्यात पलीकडच्या टोकाला कोचने पहिल्यांदाच "शाब्बास, कोल्टन!" म्हटलं. ती वळली. बघतच राहिली. मग डोळे पुसत शिडीवरून उतरली ती उतरलीच. पाना लावायचा राहिला तो राहिलाच.

आता वर लोक बाक बडवत होते. कोल्टन! कोल्टन! कोचने खिशातला कागद काढला, पोराकडे पाहिलं आणि त्यावर काहीतरी खोडलं. रोंडाला ते स्पष्ट दिसलं. बोल्ट खिशात टाकला की झालं! कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

पण आपल्या पोराने लबाडीवर मिळालेली बनियन घालावी, हे तिला सोसवेना.

"कोच," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "चौथा बोल्ट मी आवळलाच नव्हता. चूक माझी आहे. त्यावरून पोराला चढवूही नका आणि बोलही लावू नका."

बाक बडवणं थांबलं.

"मी काय म्हणत होतो?" वेंडल बाकावरून ओरडला. बर्नेल मटकन खाली बसला.

कोल्टनचे कान लाल झाले. तो आईजवळ आला. आता हा चिडणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"आणि बाकीचे तीन, आई?"

"ते आवळले होते."

"पान्याने?"

"मग काय दाताने?" रोंडा उसळली. "अंगाचा सगळा जोर लावून आवळले होते! सोळा वर्षांत माझा आवळलेला बोल्ट तसूभरही हललेला नाही. मला नको शिकवूस!"

कोल्टनने रिंगेची मागची पट्टी चाचपली, मग गुडघ्यांवर बसून बोर्डाखालची फरशी धुंडाळली. तुटलेल्या बोल्टचे दोन तुकडे तिथे मिळाले, तिसरा बर्नेलच्या पायापाशी उडाला होता. तिन्ही त्याने वेंडलच्या हातावर ठेवले.

वेंडलने चष्मा लावला. एकेक तुकडा उजेडात धरला, नखाने घासला. सगळी जिम त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"च्यायला," तो हळूच म्हणाला. "हे ढिले नव्हते. ढिला बोल्ट निसटतो, हे डोक्याखाली मानेतून तुटलेत."

"कुठल्या दुकानातले म्हणे?" बर्नेलने विचारलं.

"दुकान चांगलंच आहे रे! आवळणारीही चांगली आहे." वेंडलने तुकडे रुमालात बांधले, जसे काही त्याचेच होते. "पोरगंच दांडगं आहे, त्याला मी काय करू?"

हशा उसळला. रोंडा मात्र हसली नाही. ती कोचच्या हातातल्या कागदाकडे बघत होती. तिला पोराच्या हाताचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्याही.

कोच प्रुइटनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि तिच्या हातातून तो धड राहिलेला बोल्ट घेतला.

"या खेपेला चारही आवळा, रोंडाबाई," ते म्हणाले. "हा पोरगा चार वर्षं इथेच लटकणार आहे."