खिडकीपाशची खुर्ची

‘कसा आहेस? खरं सांग,’ जुन्या मित्रानं पत्रात विचारलं होतं. पत्नी गेल्यापासून ते मलाच सांगता येत नव्हतं, म्हणून उत्तर आठ महिने राहिलं.

रविवारी कोल्हापुरातल्या एका कॅफेत भिंतीवर लावलेली चित्रं बघायला गेलो. खिडकीपाशी खुर्ची रिकामी दिसली, तिथं पुस्तक उघडून बसलो. मान वर केली, तर आठ-दहाजण मला रेखाटत होते. ती त्यांच्या मॉडेलची खुर्ची होती.

मी धडपडत उठलो.

“काका, हलू नका की! नाक अर्धंच झालंय,” एक मुलगी ओरडली. सगळ्यांबरोबर मीही हसलो आणि परत बसलो.

तासाभरानं तिनं कागद हाती दिला. त्यातला म्हातारा गालात हसत होता.

“हा मीच?” मी दोनदा विचारलं.

चित्रामागं ‘असा आहे’ लिहिलं आणि ते मित्राच्या पत्त्याच्या पाकिटात घालून टपालपेटीत टाकलं.