अंगावरचं शिसं

“शिसं आणखी वाढलंय,” रिपोर्ट वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वैजंताने पाच वर्षांच्या ओवीला जवळ ओढलं. सहा महिन्यांपूर्वी लेकीच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हापासून ती तिला रोज व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि आवळ्याचा रस देत होती. एकही दिवस चुकला नव्हता. “मग गोळ्या वायाच गेल्या व्हय, बाई?”

“वाया नाही गेल्या. त्यांनी रक्ताला थोडा आधार दिला. पण शिसं रोज नव्याने अंगात जातंय, तिथे व्हिटॅमिन किती पुरं पडणार? घरात ते येतंय कुठून?”

वैजंताने नवऱ्याकडे पाहिलं. शिवमूर्ती जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या कारखान्यात कामाला होता. संध्याकाळी त्याची चाहूल लागली की ओवी धावत जायची, आणि तो शिशाची धूळ बसलेल्या त्याच कपड्यांत तिला उचलून घ्यायचा. कारखान्यात अंघोळीला पाणी नव्हतं आणि घर एका खोलीचं होतं. दुसरं काम तो चार वर्षं शोधत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने आपली वळकटी कारखान्यामागच्या शेडमध्ये नेली.

रविवारी कामावरून सुटून तो घराकडे आला आणि रस्त्याच्या पलीकडेच थांबला. ओवी दारात आली. आईने तिचा दंड घट्ट धरला होता.

“अप्पा, माझ्यावर चिडलाय व्हय?” तिने ओरडून विचारलं.

नाही म्हटलं असतं, तर ती हात सोडवून पळत आली असती.

“होय,” शिवमूर्ती म्हणाला.