हजारावर चोवीस

टँकर अजून आला नव्हता आणि शिवकांताची परीक्षा अकराला होती. उदगीरच्या त्या गल्लीत घागरींची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. रांगेत बसून ती पुस्तकात डोकं घालून पुटपुटत होती. शेजारी पालथ्या बादलीवर तिची सासू शरणम्मा बसली होती.

कचेरीत रोजंदारीवर कागद लावणाऱ्या शिवकांताला कारकुनाच्या जागेसाठी संगणकाचा दाखला हवा होता. उदगीर जिल्हा होणार, नव्या कचेऱ्या येणार, अशी हवा होती. मागच्या खेपेला ती तीन मार्कांनी हुकली होती.

“काय अडलंय?” शरणम्मानं विचारलं.

“हेच. तीन जीबी म्हंजे किती एमबी? गुणायचं का भागायचं, ऐनवेळी डोकंच चालत न्हाई. आन् हजारानं बी न्हाई, एक हजार चोवीसनं.”

“वरचे चोवीस कशाचे?”

“दुप्पट दुप्पट करत गेलं की तेवढे होतात म्हणं.”

शरणम्मा बादलीवरच तिच्याकडं वळली. बाजारात तिनं चाळीस वर्षं पायलीनं ज्वारी विकली होती.

“दोन चिपट्याचं मापटं,” ती म्हणाली. “दोन मापट्याचा शेर. दोन शेराची अडशिरी, दोन अडशिरीची पायली. हे बी दुप्पटच हाय की. पुस्तक मीट. बोटं मोड.”

शिवकांतानं पुस्तक मिटलं. एकेक बोट मोडत दोघी म्हणू लागल्या. दोन, चार, आठ, सोळा. पाठीमागच्या बायका बघत होत्या, पण दोघींना त्याचं भान नव्हतं. दहावं बोट मोडलं तेव्हा बरोबर एक हजार चोवीस झाले.

“आता सांग, पायलीभर ज्वारी चिपट्यानं मोजली तर आकडा वाढतो का घटतो?”

“वाढतो. चिपटं लहान असतंय.”

“मग? मोठ्या मापातलं लहानात घालायचं तर गुणायचं. लहानातलं मोठ्यात, तर भागायचं. त्यात भ्यायचं काय?”

“तीन हजार,” शिवकांता सावकाश म्हणाली, “आन् चोवीस त्रिक बहात्तर.”

तेवढ्यात टँकर वळला आणि रांग उठली. शिवकांतानं घागर उचलली, घड्याळाकडं बघितलं आणि तशीच उभी राहिली. सासूच्या कमरेला भरली घागर पेलत नव्हती.

“आत्याबाई, मी पुढच्या वेळी देते परीक्षा.”

“ती घागर ठेव हितं,” शरणम्मा म्हणाली. “चरवी हाय माझ्याकडं.”

“चरवीनं किती खेपा घालताल?”

“ते मी बघते. तू जा. अन् बोटं टेबलाखाली मोड, कुणी बघंल.”

शिवकांता चार पावलं गेली आणि तिनं वळून बघितलं. शरणम्मा दुसऱ्या बाईला कोपर लावून रांगेतली जागा राखत होती.

दुपारी शिवकांता परतली तेव्हा दाराशी ओली पावलं उमटलेली होती. आत रांजण गळ्यापर्यंत भरलेला. शरणम्मा भिंतीला टेकून पाय चोळत होती. मोरीत एक बादली काठोकाठ भरून ठेवलेली होती. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरात कुणी बादलीभर पाण्यानं न्हालं नव्हतं.

“डोक्यावरून न्हाऊन घे,” शरणम्मा म्हणाली. “लई घामेजलीस.”

“निकाल तर इचारा. तिथंच दाखवतात लगेच.”

“सांग.”

“पास झाले. एकाहत्तर मार्क.”

शरणम्मानं मान हलवली. मग भिंतीचा आधार घेत उठली आणि खुंटीवरचा धुतलेला टॉवेल काढून सुनेच्या खांद्यावर टाकला.

शिवकांता बादलीकडं बघत राहिली. “आन् नापास होऊन आले असते तर?”

“तर अजून एक तांब्या घातला असता,” शरणम्मा म्हणाली, “तोंड धुवायला.”