खांबाला पाणी
शिंप्याने झारी तिरकी केली आणि खांबाच्या बुंध्याशी पाणी ओतायला सुरुवात केली. समोर खुर्चीत बसलेल्या आईच्या कपाळावर आठ्या पडल्या.

खांब कसला, तो वृक्षनेचा होता. थंड, सावलीच्या, सदा ठिबकणाऱ्या जंगलातलं झाड. उद्यानाच्या काचघरात आईने तीस वर्षं असेच नेचे सांभाळले होते. जागा बदलताना याची मुळं तुटली, पानं झडली, आणि उद्यानाने तो टाकायला काढला. तिथे आईबरोबर काम केलेल्या तिच्या मैत्रिणीने, मावशीने, तो हातगाडीवर घालून घरी आणला.

तोवर आईला पक्षाघाताचा झटका येऊन तीन महिने झाले होते. चालणं बरंच सुधारलं होतं, पण शब्द एकही परतला नव्हता. आवाज शाबूत आहे, बोलतं करत राहा, असं डॉक्टर म्हणाले होते. नातीने चित्रं दाखवली, सुनेने जुने किस्से काढले. आई नुसती मान हलवायची.

नेचा मागच्या अंगणात उभा राहिला. रोज दुपारी मुलगा शिलाई मशीन थांबवायचा, आईला सावलीत बसवायचा आणि पाणी घालायचा. दोन महिने झाले तरी पान फुटेना. शेजारी हसायचे. यांना कात्री कळते, झाड नाही, असं सूनही म्हणायची. आई मात्र झारीवरची नजर हलवत नसे. तिचे ओठ थरथरायचे आणि पुन्हा मिटायचे.

आज खांबाच्या टोकाला, तपकिरी लवेतून, गुंडाळलेल्या टेपसारखं एक हिरवं वेटोळं वर आलं होतं. आईने ते पाहिलं. पाणी खालीच चाललं होतं. तिने डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला.

"वरून," ती म्हणाली. मग दम घेऊन, "वरून घाल रे, गधड्या."

मुलाच्या हातातून झारी सुटली. सून पिठाच्या हातांनीच धावत आली. नातीने आजीला तेच पुन्हा म्हणायला लावलं, आणि आजीने ते चार वेळा म्हटलं, दर वेळी जरा जास्तच स्पष्ट. मुलगा ओल्या मातीत बसून हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

संध्याकाळी मावशी आली. मैत्रिणीला तिने पोटाशी धरलं, मनसोक्त रडून घेतलं, आणि निघताना दारात शिंप्याला गाठलं.

"पहिल्याच दिवशी बजावलं होतं ना तुला, हा शेंड्यातून पाणी पितो म्हणून? खाली ओतत राहिलास, तरी जगला कसा?"

शिंप्याने आई आतच आहे ना, हे वळून पाहिलं.

"वरून मी रोज पहाटे घालतो, ती उठायच्या आत," तो हळूच म्हणाला. "दुपारचं पाणी झाडासाठी नव्हतंच, मावशी."