दगडातला बेडूक

"काका, पडदा आत्ता नाही उघडता येणार. अकराला उद्घाटन आहे," गंधाली म्हणाली.

"त्याच्याआधीच बोलायचंय मॅडम," नंदकुमार तावडे म्हणाला. "नंतर तुमचीच शोभा होईल."

मुलुंडच्या त्या कॉलेजातल्या खडकांच्या संग्रहालयाला आज मुकुल वर्तकचं नाव दिलं जाणार होतं. गंधाली मुकुलची विद्यार्थिनी. आता संग्रहालय तीच सांभाळायची. पडद्यामागच्या काचेच्या पेटीत तो बेडूक होता. बोटाच्या पेराएवढा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळात इथं तळी साचली होती. त्यातल्या गाळात तो रुतला, वर पुन्हा लाव्हा आला, आणि पुढं कधीतरी त्याची अख्खी जातच संपली. त्या जातीला मुकुलचं नाव दिलेलं होतं.

जात संपली, पण मुकुलचं नाव चाळीस वर्षं वाढतच होतं. नंदू तो बेडूक बघायला कधी आला नव्हता. मुकुलनं दहादा बोलावलं, दहादा यानं काहीतरी कारण काढलं. पेपरातला धुरकट फोटो तेवढा त्यानं पाहिला होता आणि पेपर फाडून टाकला होता.

एके काळी दोघं एकाच बाकावर बसायचे. मुकुल पुस्तकात बघून खडकाचं नाव सांगायचा, नंदू दगडाला जीभ लावून. आणि नंदूचंच बरोबर यायचं. मग गिरणी कामगारांचा संप झाला. वडिलांची गिरणी बंद पडली ती पडलीच. दुसऱ्या वर्षालाच नंदूनं कॉलेज सोडलं आणि घाटकोपरला एका डेंटिस्टकडे कवळ्या घडवायला लागला.

मुकुल शिकत राहिला. दर रविवारी संध्याकाळी तो नंदूच्या खोलीवर यायचा. जोगेश्वरीमागच्या एका बंद खाणीत काय काय दिसलं ते सांगायचा. उंबऱ्याशी काढलेले त्याचे धुळीनं भरलेले बूट नंदूला बघवायचे नाहीत.

"तू पण चल ना रे," मुकुल म्हणायचा.

"आणि कवळ्या कोण करणार, तुझा बाप?"

एकदा नंदूनं करड्या दगडाची एक खपली घेतली. दात कोरायच्या बारीक हत्यारांनी आठ दिवस खपून तिच्यावर बेडकाचा सांगाडा कोरला. एका शनिवारी एकटाच खाणीत गेला. सगळी कड चालून बघितली. काळ्या खडकाच्या दोन थरांमधला गाळाचा पट्टा त्यानं शोधला, बेडूक असलाच तर इथंच असेल अशी जागा निवडली आणि खपली फटीत सरकवून वरून माती लिंपली. मुकुल नाचेल, प्रोफेसर माना डोलावतील, मग चारचौघांत आपण उभं राहायचं आणि हसायचं, असा बेत होता.

तीन महिने मुकुल काहीच बोलला नाही. आंधळा आहे लेकाचा, नंदू मनात म्हणाला.

मग एका संध्याकाळी मुकुल पेढे घेऊन धावत आला. "नंद्या, बेडूक मिळाला! तुझ्यामुळे रे, तुझ्यामुळे!" आणि त्यानं नंदूला गच्च मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते. नंदूनं ठरवलेलं हसणं राहूनच गेलं.

आज सांगू, उद्या सांगू करता करता बेडूक परदेशात जाऊन आला. मोठमोठ्या लोकांनी तो खरा म्हटला. मग तर नंदूला वेगळाच त्रास सुरू झाला. हात माझा, आणि हार त्याच्या गळ्यात! मुकुलचं कौतुक कुठं छापून आलं, की तो दोन दिवस बायकोशी धड बोलायचा नाही. परवा उद्घाटनाची पत्रिका घरी आली आणि त्याची झोपच उडाली.

"तो बेडूक खोटा आहे," नंदू आता म्हणाला. "मी केलाय."

गंधाली हसली नाही. "पुरावा?"

"मागच्या बाजूला 'नं' कोरलाय. भिंगातून दिसेल. नं म्हणजे नंदकुमार."

ती उठली, पण पडद्याकडे गेली नाही. टेबलाचा खण उघडून तिनं कापूस घातलेली एक डबी काढली आणि तिच्यातली खपली त्याच्या तळहातावर ठेवली. नंदूनं ती उलटी केली. भिंगाची गरज नव्हती.

"हा... हा इथं कसा?"

"पहिल्याच रविवारी सरांना मिळाला होता. कुणाचा हात आहे तेही तेव्हाच कळलं होतं म्हणे. मला नाव कधी सांगितलं नाही त्यांनी."

नंदूनं पडद्याकडे बघितलं. "मग तिथं काय आहे?"

"बेडूकच. खरा," गंधाली म्हणाली. "सर म्हणतात, ज्यानं हा पुरला त्याच्याइतका दगड वर्गात कुणालाच कळत नव्हता. त्यानं जागा निवडली म्हणजे बेडूक तिथंच असणार. म्हणून ते तीन महिने तिथंच खणत राहिले. ह्याच्या वीतभर खाली निघाला."