ब्रेकचा पाईप

"ब्रेकचा रबरी पाईप आतून फुगला हाये, साहेब. नवा लावल्याबिगर गाडी सोडत नाही," जीपखालून पुंडलिक म्हणाला.

"काल डावा, आज उजवा!" साहेब येरझाऱ्या घालू लागले. भिलाईच्या कारखान्यात गेलेल्या शेतांचा ताबा त्यांना आजच घ्यायचा होता.

"मंग ब्रेक लागला नाही तर मले म्हनू नका."

पान्हा फिरवता फिरवता त्यानं पुन्हा ऊन किती उतरलं ते पाहिलं. शेवटी साहेब चरफडत ऑफिसात परतले.

सुटी होताच पुंडलिक सायकल दामटत लेकीच्या शेतावर पोहोचला. जया धान कापत होती. तिनं मानही वर केली नाही.

"बाबा, दोन बांध्या कापायच्या राहिल्या अजून. उद्या येतीन का ते साहेब?"

विळा उचलत तो म्हणाला, "उद्या मागचा पाईप फुगते."